मृगाचं साल, चंद्राचा महिना

शिवकाळात इंदापूर किंवा सुपे परगण्यातल्या एखाद्या गावी कुलकर्णी वसुलाचा कागद लिहायला बसला, की एकाच तारखेत त्याला दोन वेगळे हिशेब मांडावे लागत. साल तो सूर्याचं लिहायचा आणि महिना चंद्राचा. साल अरबी अंकशब्दांत असे: खमस सबैन अलफ. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार; मिळून 1075. हा शुहूर सन, म्हणजेच सुरुसन. तो मृग नक्षत्रावर बदलायचा, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. त्याखाली मोडीत 'छ' काढून चंद्राची तारीख आणि हिजरी महिना यायचा: सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल. गावचा कुलकर्णी ब्राह्मण, पाटील मराठा, सरकार आदिलशाही किंवा स्वराज्याचं, आणि तारखेतले शब्द अरबी. यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं. शेतसाऱ्याला साल लागतं ते पावसाचं, एवढं सगळ्यांना पटलेलं होतं.

हे साल आलं कुठून? शुहूर सन दख्खनेत 1344 साली, महंमद तुघलकाच्या अमदानीत, सुरू झाला असं मानतात. त्यामागची अडचण खरी होती. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र आहे, बारा चांद्रमासांचं, म्हणजे सुमारे 354 दिवसांचं. सूर्याचं वर्ष त्याहून जवळजवळ अकरा दिवसांनी मोठं. हिजरी वर्षाप्रमाणे सारा मागितला, तर सूर्याच्या 32 वर्षांत 33 वेळा मागणी होते. पीक मात्र 32 वेळाच येतं. इंदापूरसारख्या अवर्षणाच्या मुलखात, जिथे एक साल गेलं की रयत परागंदा होते, तिथे न पिकलेल्या तेहतिसाव्या सालाचा सारा कुठून आणायचा? म्हणून त्या वर्षाचा चालू असलेला हिजरी आकडा, 745, उचलला, त्याचे चंद्राशी असलेले पाश तोडले आणि पुढे तो मृगावर एकेकानं वाढवत नेला. 1344 मधून 745 वजा केले की 599 उरतात. म्हणूनच शुहूर सनात 599 मिळवले की इसवी सन निघतो. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवावे लागतात.

पण साल सूर्याला बांधलं तरी महिने हिजरीच राहिले. मदरशात शिकलेल्या कारकुनाला तेच ठाऊक, दरबाराला तेच हवे. त्यामुळे 365 दिवसांच्या सालात 354 दिवसांचे बारा महिने बसवल्यावर अकरा दिवस उरायचे आणि त्या दिवसांवर तेच महिने, त्याच तारखा दुसऱ्यांदा यायच्या. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं शुहूर साल 1075 घ्या. ते सुरू झालं तेव्हा सफर महिना संपत आला होता आणि वर्षानं ते संपलं तेव्हा रबिलावलचे काही दिवस उलटले होते. म्हणजे या सालात सफरची अखेर आणि रबिलावलची सुरुवात दोनदा आली: एकदा सालाच्या आरंभी, एकदा शेवटी. अशा तारखेचं पत्र नुसत्या आकड्यावरून कोणत्या वेळचं ते सांगता येत नाही. मजकुरात पावसाचा, पेरणीचा किंवा कोणाच्या स्वारीचा उल्लेख शोधावा लागतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ही अडचण नेहमीची आहे. तिचं मूळ कारकुनाच्या हयगयीत नाही. सूर्य आणि चंद्र एका पट्टीत बसत नाहीत, हे तिचं मूळ.

याच मुलखाच्या इतिहासात 1636 हे साल मोठ्या उलथापालथीचं. निजामशाही बुडाली, शहाजीराजे माहुलीच्या वेढ्यानंतर आदिलशाहीत गेले, आणि मालोजीराजांच्या वेळेपासून भोसल्यांकडे असलेला पुणे, सुपे, इंदापूरचा मुलूख आदिलशहाच्या छत्राखाली त्यांच्याकडे राहिला. त्याच सुमारास शहाजहानानं मोगली दख्खनेत फसली सन चालू केला. फसल म्हणजे पीक, आणि कल्पना तीच: चालू हिजरी वर्षाचा आकडा घ्यायचा आणि तो हंगामावर ठोकून बसवायचा. हिजरी आकडा होता 1046. पण शुहूर सनाच्या हिशेबानं 1636 हे साल होतं 1037. एकाच मृगाला भीमेच्या एका अंगाला एक आकडा आणि मोगलांकडे नऊनं मोठा आकडा.

ही नऊ वर्षं आली कुठून, ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. 1344 पासून 1636 पर्यंत सूर्याची 292 वर्षं झाली. तेवढ्याच काळात चंद्राची 745 पासून 1046 पर्यंत, म्हणजे 301 वर्षं झाली. दर वर्षी अकरा-अकरा दिवस साठत गेले आणि त्यांची नऊ वर्षं झाली. दोन सरकारांनी एकच युक्ती तीन शतकांच्या अंतरानं केली आणि मधल्या काळात चंद्र किती पुढे गेला, त्याची नोंद दोन्ही सनांच्या फरकात कायमची गोठून राहिली. पेशवाईअखेरपर्यंत हे दोन्ही सन दख्खनेत वापरात होते, आणि त्यांच्यातला फरक कधी आठ झाला नाही की दहा झाला नाही. कारण गोठवल्यानंतर दोघेही सूर्याबरोबरच चालू लागले.

राज्याभिषेकाची तारीखही या गुंतागुंतीतून सुटत नाही. शके 1596, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. इंग्रजी तारीख आपण 6 जून 1674 म्हणतो. ती मुंबईकर इंग्रजांची तारीख, जुन्या जूलियन पद्धतीची. गोव्याचे पोर्तुगीज तेव्हा पोपच्या सुधारलेल्या पद्धतीनं चालत, त्यांच्याकडे तोच दिवस 16 जून होता. महाराजांनी त्या दिवसापासून स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला. पंचांगाचं गणित नीट व्हावं म्हणून कृष्ण दैवज्ञानं त्यांच्यासाठी करणकौस्तुभ हा ग्रंथ आधीच रचलेला होता. म्हणजे एकाच सोहळ्याला शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, शुहूर सन, हिजरी सन आणि युरोपच्या दोन तारखा. आज काहीजण तिथीनं तर काहीजण तारखेनं हा दिवस साजरा करतात आणि त्यावरून वादही होतात. त्या काळच्या माणसाला हा वाद कळला नसता. त्याच्या लेखी दिवस एकच होता. ज्या कामासाठी कागद लिहायचा, त्या कामाचं साल त्यावर पडायचं.

शेतकऱ्याचं साल मात्र यातलं कुठलंच नव्हतं. त्याचं साल नक्षत्रांचं. सूर्य वर्षभरात 27 नक्षत्रांतून फिरतो; 365 दिवसांना 27 नं भागलं तर साडेतेराच्या आसपास येतात, म्हणून एखादं नक्षत्र 13 दिवसांचं, एखादं 14 दिवसांचं. रोहिणी, मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि शेवटी हस्ताचा हत्ती. सह्याद्रीच्या कुशीतल्या भाताच्या मावळाला मृग-आर्द्रेचा पाऊस लागतो. भीमा आणि नीरा यांच्या मधल्या इंदापूरच्या काळ्या रानाला त्याचं तितकं नसतं. इथला भरवशाचा पाऊस उशिराचा, उत्तरा-हस्ताचा, परतीचा. त्यावर रब्बीची ज्वारी येते. सरकारचं साल मृगावर सुरू व्हायचं, पण इंदापूरच्या कुणब्याच्या हातात दाणा यायला माघ-फाल्गुन उजाडे. मृगसाल हिजरी वर्षापेक्षा कितीतरी न्यायाचं होतं, तरी ते बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या अंगाला पुरतं बसलं नव्हतं.

नक्षत्रांची ही फेरीदेखील स्थिर नाही. ती ताऱ्यांना बांधलेली आहे आणि ऋतू बांधलेले आहेत सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाला. दोन्हींत वर्षाला काही मिनिटांचा फरक पडतो. सुमारे 70 वर्षांत तो एक दिवस होतो. आजच्या इंग्रजी पद्धतीनं मोजलं तर राज्याभिषेकाच्या साली मृग 3 जूनच्या आसपास लागला होता. आता तो 7 किंवा 8 जूनला लागतो. साडेतीनशे वर्षांत पाच दिवस. एका माणसाच्या हयातीत हे जाणवत नाही, पिढ्यांच्या हिशेबात मात्र जाणवतं. मृगाला पेरा करायचा ही आज्यानं सांगितलेली खूण, पाऊस आपल्या जागी राहिला तरी, हळूहळू त्याच्यापासून सरकते आहे.

सणावारांचं, लग्नकार्याचं, वारीचं साल पुन्हा वेगळं. ते चंद्राचं, पण आपल्या पंचांगकर्त्यांनी त्याला सूर्याच्या दाव्याला बांधून ठेवलं. अकरा दिवसांची तूट साठत गेली की सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा घालायचा. नियम साधा आहे: ज्या चांद्रमासात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, तो अधिक. गंमत पुढे आहे. उन्हाळ्या-पावसाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि संथ चालते. त्यामुळे मिथुनेत सूर्य साडेएकतीस दिवसांहून अधिक काळ राहतो, धनू राशी मात्र साडेएकोणतीस दिवसांच्या आतच संपते. चांद्रमास सरासरी 29.53 दिवसांचा. म्हणून अधिक महिना बहुतेक वेळा चैत्रापासून आश्विनापर्यंतच्या पट्ट्यात पडतो. मार्गशीर्ष-पौषात तो जवळजवळ येतच नाही, उलट तिकडेच क्वचित एखादा महिना क्षय होतो.

या तेराव्या महिन्याचा मान मोठा. घरोघरी जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण होतं, अनारशांचं वाण दिलं जातं. पण आपल्याच भाषेत तो दुष्काळाच्या जोडीनं येतो. दुष्काळात तेरावा महिना, असं आपण सहज म्हणून जातो, आणि त्यातला कोरडवाहू मुलखाचा अनुभव ध्यानात घेत नाही. वस्तुतः अधिक महिन्यानं भुकेचे दिवस वाढायला नकोत. पीक सूर्यावर येतं; पंचांगात बारा महिने लिहिले काय आणि तेरा लिहिले काय, ज्वारी तिच्या दिवसालाच कापणीला येते. जादा महिना बोचतो तो ज्याचं येणं सूर्यावर आणि देणं महिन्यावर आहे त्याला. सावकाराचं व्याज दरमहा दर शेकडा चढत असेल, तर एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत बाराच्या जागी तेरा महिन्यांचं व्याज मोजावं लागतं. दिवस तेवढेच असतात, महिन्यांची मोजणी बदलते. सावकारही खोटं बोलत नसतो. पण दोन मोजमापांमधली फट कुठेतरी कोणाच्या तरी पदरात पडते आणि ती नेहमी कुणब्याच्याच पदरात पडते. 1972 साली या म्हणीचा शब्दशः प्रत्यय आला. त्या वर्षी वैशाख अधिक होता, आणि त्यानंतरचा पाऊस महाराष्ट्राला दगा देऊन गेला.

वारीत याच गोष्टीची वेगळी बाजू दिसते. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती ज्येष्ठ वद्य सप्तमीला. उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा तिचा या दोन तालुक्यांतला रस्ता. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. पंचांगाप्रमाणे हा क्रम वर्षानुवर्षं तोच आहे. पण आषाढी एकादशी 2022 साली 10 जुलैला होती, 2023 साली 29 जूनला, आणि मधे अधिक श्रावण पडल्यावर 2024 साली एकदम 17 जुलैला. वारी लवकर आली की पालखी येते तेव्हा रानं अजून पेरायची असतात. उशिरा आली की तिफण उचलून ठेवलेली असते आणि माणूस मोकळ्या मनानं दिंडीत चालतो. वारकऱ्याला तिथी विचारा, तो लगेच सांगेल. तारीख विचारली तर त्याला कॅलेंडर पाहावं लागतं.

आठवड्याचा आकाशाशी असा काही संबंध नाही. सात हा आकडा ना चांद्रमासात नीट बसतो, ना वर्षात: 52 आठवड्यांचे 364 दिवस, वर एक उरतोच. वारांचा क्रम आला तो होरांच्या हिशेबातून. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र हा ग्रहांचा जुना क्रम घेऊन दिवसाच्या 24 तासांपैकी प्रत्येकाला एकेक स्वामी द्यायचा. 24 मधून सातचे तीन फेरे गेले की तीन उरतात, म्हणून पुढच्या दिवसाचा पहिला तास आधीच्यापासून चौथ्या ग्रहाकडे जातो. शनीनंतर रवी, मग चंद्र, मग मंगळ. ही कल्पना पश्चिम आशियातून, ग्रीक ज्योतिषाच्या हातून आपल्याकडे आली. भारतात वारासह लिहिलेला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. 484 चा, त्यात गुरुवार आहे. आला तो उशिरा, पण एकदा आल्यावर सात वारांची ही साखळी कधी तुटली नाही. 1752 साली इंग्रजांनी आपल्या पंचांगातून अकरा दिवस कापले तेव्हाही 2 सप्टेंबरच्या बुधवारनंतर 14 सप्टेंबरला गुरुवारच आला.

चंद्र आणि वार यांची गाठ कशी पडते हे पाहायचं तर कऱ्हेच्या काठी जावं. सोमवार आणि अमावास्या एकत्र आले की जेजुरीच्या खंडोबाची पालखी गडावरून उतरते आणि कऱ्हेवर देवाला स्नान होतं. हा योग वर्षातून कधी एकदा येतो, कधी दोनदा, कधी तीनदाही. गणितानं सरासरी पावणेदोन वेळा. ही कऱ्हा पुढे बारामतीवरून वाहत जाऊन सोनगावला नीरेला मिळते. तिच्या काठी मोठा झालेला प्रत्येक माणूस सोमवती कधी आहे हे विचारत आला, कारण ती कोणत्याही महिन्याला बांधलेली नाही.

इंग्रज आले आणि जानेवारी-फेब्रुवारी आले. या महिन्यांचा असमानपणा तर कुठल्याच आकाशात नाही. रोमनांना विषम आकडा शुभ वाटे, म्हणून त्यांचे महिने 29 आणि 31 दिवसांचे, फेब्रुवारी तेवढा 28 चा, वर्ष 355 दिवसांचं. अधूनमधून जादा महिना घालायचा अधिकार पुरोहितांकडे होता आणि मर्जीतल्या अधिकाऱ्याची मुदत वाढवायला तो वापरला जाई. ज्यूलियस सीझरनं इ.स.पू. 46 हे वर्ष 445 दिवसांपर्यंत लांबवून घोळ निस्तरला आणि 355 दिवसांच्या वर्षाला कमी पडणारे दहा दिवस वेगवेगळ्या महिन्यांत वाटून टाकले. फेब्रुवारीला त्यातला एकही मिळाला नाही. ऑगस्टससाठी फेब्रुवारीतला एक दिवस चोरला ही गोष्ट शाळेत सांगतात. ती मध्ययुगात रचलेली आहे.

हे रोमन महिने घेऊन कंपनी सरकारचा सारा इंदापुरात आला तेव्हाची हकिकत नीट सांगितली पाहिजे, कारण रयतवारीच्या इतिहासात हा तालुका ठळक आहे. 1826 ते 1830 मध्ये रॉबर्ट कीथ प्रिंगल यानं पुणे भागाची पाहणी केली. हा हेलिबरीच्या कंपनी कॉलेजात माल्थसचा विद्यार्थी. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब काढून त्यावर सारा बसवायचा, असा त्याचा सिद्धांत. कागदावर तो चोख होता, रानात कोसळला. सारा झेपेना, बाकी साचली, जमिनी पडीक पडल्या, माणसं निजामाच्या हद्दीत निघून गेली. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात नव्यानं मोजणी सुरू केली, मातीचा कस पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले, दर खाली आणले आणि 1836 पासून ते 30 वर्षांसाठी बांधून दिले. पुढे मुंबई इलाखाभर गेलेली पद्धत ती हीच.

तीस वर्षं हा आकडा तेव्हा उपकाराचा होता. ज्यानं आज विहीर खणली, त्याचा सारा उद्या वाढणार नाही, याची ती हमी होती. पण मुदत म्हटली की ती संपणारही. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले, रेल्वे आली, हातात पैसा खुळखुळला. नेमक्या त्याच तेजीच्या पाठीवर इंदापूरची मुदत संपली आणि 1867 मध्ये दर पुष्कळच वाढवून नवे तीस वर्षांसाठी ठरले. पुढे भाव पडले, दर पडले नाहीत. त्याच वर्षापासून सरकारचं हिशेबी वर्षही 1 मेऐवजी 1 एप्रिलला सुरू होऊ लागलं.

दुसरी मुदत होती कायद्याची. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं नोंदणी नसलेल्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची सीमा घातली. हेतू कुळाच्या रक्षणाचा होता. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवं खत लिहून घेई, त्यावर पुन्हा व्याज चालू. कोरडवाहू रानात तीन वर्षांत एखादंच साल धड पिकायचं. पाऊस त्याच्या फेऱ्यानं यायचा, न्यायालयाचं घड्याळ आपल्या फेऱ्यानं चालायचं.

12 मे 1875. बुधवार. सुप्याचा बाजार. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज ते बारामती तालुक्यात आहे. बाजारासाठी आसपासच्या खेड्यांतून माणसं जमली होती. ती सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेली. खतं, रोखे, खातेवह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. माणसांच्या जिवाला फारसा हात लागला नाही, कागदाला लागला. तिथून हे लोण भीमथडीत, इंदापुरात, शिरूरकडे आणि नगर जिल्ह्यात गेलं. दख्खनच्या या दंग्यांची कारणं सांगताना साऱ्याचे दर, कापसाची मंदी, गुजर-मारवाडी सावकारी असं सगळं सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात वारही मोजावासा वाटतो. पत्र नाही, छापखाना नाही, सभा नाही. विखुरलेल्या खेड्यांतल्या माणसांना एका दिवशी एका जागी आणणारी गोष्ट त्या मुलखात एकच होती, आठवडी बाजार. आणि जे जाळलं गेलं ती मुदत होती, तीन-तीन वर्षांनी फुगत जाणारी. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यात न्यायाधीशाला खतामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला आणि मुदतही वाढवली गेली.

पुढे भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या डाव्या कालव्यानं बारामती आणि इंदापूरच्या वरच्या अंगाला पोचलं, ऊस आला, आणि उसाबरोबर आणखी एक साल आलं. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. तो कुठल्याच वर्षात मावत नाही. कारखान्यांचं साखर वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. तलाठ्याचं महसुली वर्ष 1 ऑगस्टला. बँक आणि सोसायटी 31 मार्चला हिशेब मिटवतात. पाटबंधारे खात्याचं पाणी जुलैपासून मोजलं जातं आणि आवर्तनानं सुटतं. ज्वारीला उत्तरा आणि हस्त. बारामतीजवळच्या एका बागायतदाराच्या घरात ही सगळी सालं एकाच भिंतीवर राहतात.

स्वातंत्र्यानंतर ही गुंतागुंत एकदा सोडवून पाहायचा प्रामाणिक प्रयत्न झाला. 1952 मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात केसरीचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी होते. महाराष्ट्रात केरूनाना छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि टिळक यांनी पंचांग शुद्ध करण्यासाठी अर्धशतक खपून तयार केलेली जमीन या समितीला मिळाली. 22 मार्च 1957 ला, 1 चैत्र 1879 ला, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिनं महिने सूर्याचे केले, पण समान केले नाहीत: वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने 31 दिवसांचे, बाकीचे 30 चे, चैत्र लीप वर्षी 31 चा. उन्हाळ्यात सूर्य संथ चालतो, तेवढे दिवस त्या महिन्यांना दिले. जगातल्या चालू पंचांगांमध्ये महिन्यांच्या असमानतेला आकाशातलं कारण असणारं हे थोड्यांपैकी एक, आणि म्हणून मला त्याबद्दल आदर आहे. ते लोकांच्या घरी गेलं नाही. सण तिथीनं होत राहिले आणि पगार तारखेनं. या दोन्हींपैकी एकही सोडायला कोणी तयार नव्हतं, आणि ते सोडायला लावण्याचा हक्क समितीला होता असंही मला वाटत नाही.

शके 1948 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून 2026. मृग त्या अधिकातच लागतो, आणि आषाढी जाते थेट 25 जुलैला. पाडवा 19 मार्च 2026 चा, पुढचा पाडवा 7 एप्रिल 2027 चा. सालगड्याचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत धरायची रीत आहे, आणि शके 1948 मध्ये ते साल 384 दिवसांचं भरतं. पगाराची रक्कम सालावर ठरलेली असेल, तर आधीच्या वर्षीपेक्षा तीस दिवस जादा राबणं तेवढ्याच पैशांत येतं. म्हणून पाडव्याच्या आदल्या दिवसांत मालक आणि गडी बोलणीला बसले, की धान्य, कपडा आणि उचल यांच्या आधी तेराव्या महिन्याचं बोलून घ्यावं लागतं.